सोलापुरात स्वस्तातलं लॉज हवंय, पण गाडी रात्री दाराच्या आत पाहिजे

किकस्टार्ट

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून जुना आहे, धागा पहिलाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

जानेवारीत ठाणे ते रामेश्वरम असा बेत आहे. दोन माणसं, दोन गाड्या. माझी क्लासिक ३५० आणि मित्राची २०१४ ची स्प्लेंडर (हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या, गेल्या वेळी घाटात बंद पडली ती माझी होती, त्याची नाही). एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे जुन्या हायवेनं लोणावळा, पुणे, मग भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत पहिल्या दिवशी सोलापूर, चारशेच्या आसपास किमी होतात. कोल्हापूरवरून सरळ बंगळुरू गाठा असं सांगणारे येतीलच म्हणून आधीच सांगतो, आईची ओटी तुळजापूरला पोचवायची आहे आणि विजापूर, हंपी दोन्ही बघायचंय, तेव्हा सोलापूर पक्कं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूर करून परत यायचं आणि मग विजापूर रोड धरायचा.

खोलीबद्दल आमचं काही म्हणणं नाही. ढेकूण नको आणि संडास धुतलेला असावा, एवढंच. दोघांत हजारपर्यंत. काळजी गाड्यांची आहे. मागच्या वर्षी एका शहरात (नाव नको) ॲपवर 'फ्री पार्किंग' वाचून बुक केलं, रात्री दहाला पोचलो तर पार्किंग म्हणजे समोरचा फूटपाथ. मॅनेजर म्हणाला काय नाय होत साहेब, सगळे इथेच लावतात. आम्ही रात्रभर आळीपाळीनं खिडकीत बसलो, पहाटे चारला दोघांचाही डोळा लागला आणि तेवढ्यात दोन्ही गाड्यांचे आरसे गेले. आरशांचं फार काही नाही हो, पण पुढचे दीडशे किमी दुकान सापडेपर्यंत मागून ट्रकचा हॉर्न आला की मान मोडून बघायचं, ते डोक्यात बसलंय.

तर सोलापुरात कुठल्या भागात बघू? आणि फोनवर नेमकं काय विचारू म्हणजे फूटपाथ निघणार नाही?

वेशीबाहेरचा

तारीख सांगा आधी. बाकीचं मग.

किकस्टार्ट

१३ जानेवारीला पहाटे निघून संध्याकाळी सोलापूर.

वेशीबाहेरचा

का बे! गड्ड्यात यायलास व्हय?

(बे म्हटलं म्हणून राग मानू नका, सोलापुरात बे शिवाय वाक्य सुरूच होत नाही, बापाला सोडून सगळ्यांना चालतं.)

संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, तिलाच गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर पाळणे. मिरवणुकीच्या वेळी शहरातले रस्ते बंद, कर्नाटक-तेलंगणातनं माणसं आलेली, प्रत्येक घरात पाहुणे आणि प्रत्येक लॉजमध्ये जे घरात मावले नाहीत ते पाहुणे. त्या दोन-तीन दिवसांत हजारात खोली मागितली तर मॅनेजर हसतो. गाडी आत घ्या म्हटलं तर जरा जास्तच हसतो. यात्रा बघायचीच असेल तर खुशाल या, बघण्यासारखी आहे, पण मग गाडी मोहोळकडंच एखाद्या हायवेच्या हॉटेलात ठेवा आणि बसनं या. नाहीतर चार-पाच दिवस पुढं ढकला. पाळणे नंतरही बरेच दिवस असतात.

आणि हे पुढच्या वेळेसाठी पण लक्षात ठेवा, कारण सोलापूरच्या चारी बाजूला देव आहेत आणि प्रत्येकाची गर्दी वेगळी. कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्यांचा असतो, गाड्या दुसरीकडून वळवतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, दत्तजयंतीला अक्कलकोट. सोलापुरात लॉज फुल का झालेत ते कॅलेंडर बघितलं की कळतं.

आता भाग. स्टेशनसमोरची लॉजं सगळ्यात जुनी आणि स्वस्त, चेकआउट बहुतेक ठिकाणी २४ तासांचं, म्हणजे रात्री नऊला आलात तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत खोली तुमची. पण ती रेल्वेनं येणाऱ्यांसाठी बांधलेली. खाली दुकानं, बाजूनं अरुंद जिना, वर खोल्या. गाडी कुठं लावणार, जिन्यात? नवी पेठ, एसटी स्टँडकडं तीच गत. सात रस्ता चौकाच्या पुढं होटगी रोड, नाहीतर विजापूर रोडला सैफुल, जुळे सोलापूर इकडं इमारती नवीन, खाली पार्किंग सोडलेलं, शंभर-दोनशे जास्त जातील. सकाळी विजापूरला निघायला सरळ. पुण्याकडनं येताना बाळे-केगावला हायवेवरची हॉटेलं आहेत, त्यांना मोठं आवार असतं, पण मग जेवायला शहरात यायचं आणि परत जायचं. तुमच्या बेताला मी विजापूर रोड म्हणेन.

लॉजची नावं इथं लिहीत नाही. मागं एकाचं नाव लिहिलं होतं, पुढं मालक बदलला, आणि चार वर्षं मी शिव्या खाल्ल्या. व्यक्तिगत निरोप करतो.

प्रवासी_पक्षी

वाचनखूण साठवली.

चाकबंद

आरशांची एवढी भीती असेल तर गाड्या ट्रेननं पार्सल करा की. किंवा सरळ बसनं जा. स्वस्त पण पडेल.

आजोबा_येझदी

चाकबंदराव, पार्सल करायचं तर टाकी रिकामी करून द्यावी लागते, गाडी पॅक करावी लागते, आणि मग रामेश्वरमला जाऊन यांनी रामेश्वरमच फक्त बघायचं. मधलं भिगवणचं पाणी, मोहोळच्या पुढची ज्वारी, ते कुणी बघायचं? असो.

किकस्टार्ट, तुमच्या मित्राची स्प्लेंडर २०१४ ची म्हणालात, म्हणजे कार्ब्युरेटरवाली. तिच्यासाठी सांगतो. आमच्या काळात येझदीचा आरसा कोणी नेत नसे, पेट्रोल नेत असत. टाकीखालची नळी उपसायची, कॉक उघडायचा, बाटली लावायची, दोन मिनिटांत काम. मी एकदा अशाच एका लॉजच्या बोळात गाडी ठेवली, टाकी काठोकाठ भरून, कारण पहाटे पंप उघडे नसतील अशी भीती. सकाळी किक मारली, गाडी फटफट करून सुरू झाली, मला वाटलं झालं, आणि गावाबाहेर बरोब्बर तीन किलोमीटरवर बंद. चोर सभ्य होता म्हणायचं, नळी परत बसवून गेला होता. तेव्हापासून नियम, मुक्कामाला पोचताना टाकी भरायची नाही, सकाळी निघताना भरायची, आता हायवेला पंप रात्रभर चालू असतात. क्लासिकला इंजेक्शन असेल तर हा त्रास नाही, बाहेरून नळी ओढून धार लागत नाही.

दुसरं म्हणजे चादर. दुकानातलं चकचकीत बाइक कव्हर घेऊ नका, त्यावर कंपनीचं नाव असतं, म्हणजे आत काय आहे ते बाहेर लिहिलेलं. माझ्याकडे विटलेली सोलापुरी चादर आहे, आता तिचा रंग कुठला होता तेही सांगता येणार नाही. ती टाकली की गाडीकडे कुत्रंसुद्धा बघत नाही. एकदा एक कुत्रं वर झोपलं होतं ती गोष्ट वेगळी.

कडक_भाकरी

आजोबा, चादरीला दंडवत :-)

माहेर सोलापूर, सासर पुणे, आणि दोन्हीच्या मधला रस्ता मी ॲव्हेंजरवर एकटी करते, त्यामुळे लिहायचा हक्क आहे असं समजते. एकट्या बाईला लॉज देताना जे चेहरे होतात ते आता मला पाठ आहेत. 'मिस्टर मागून येतायत का?' हा प्रश्न तर रजिस्टरमध्ये छापलेला असावा. म्हणून मी लॉज सोडून दुसरीकडे बघायला लागले आणि त्यात गाडीचाच जास्त फायदा झाला.

एक, भक्तनिवास. तुळजापूरला जाणारच आहात तर मुक्कामच तिथं का करत नाही? सोलापूरपासून ४५ किमी. अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचं यात्री निवास आहे, पंढरपूरला गजानन महाराज संस्थानाचं आहे. अशा ठिकाणी आवार मोठं, फाटकावर माणूस, रात्रभर बायका-पोरं ये-जा करत असतात, त्यात कोण कुणाच्या गाडीला हात लावणार. खोली साधी पण स्वच्छ. फक्त फाटक रात्री किती वाजता बंद होतं ते विचारून जा, आणि दारू-बिरू डोक्यात असेल तर वाटच धरू नका.

दुसरं कोणी सांगत नाही ते, मंगल कार्यालय. लग्नाची तारीख नसली की कार्यालय रिकामं पडलेलं असतं. वर वऱ्हाडाच्या खोल्या, खाली शंभर गाड्यांचं आवार, लोखंडी फाटक आणि राखणदार कुटुंबासकट तिथंच राहणारा. मी दोनदा राहिलेय, एकदा पाचशे दिले एकदा चारशे. गरम पाण्याचा बंब राखणदाराच्या बायकोनं पेटवून दिला आणि वर विचारलं, एवढ्या लांब कशाला जाता हो ताई. फोनवर ठरत नाही हे. तिथं जाऊन, हेल्मेट काढून, माणसासारखं बोलायचं. लग्नसराईत मात्र उलटं, कार्यालय तर नाहीच, आजूबाजूची लॉजंही वऱ्हाडानं भरलेली.

अवांतर: आधार द्यायचं तर मास्क्ड आधार द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. नाहीतर लायसन्स द्या. झेरॉक्सवर तारीख आणि कशासाठी ते लिहून सही करा.

किकस्टार्ट

ताई, मंगल कार्यालयाचं डोक्यातच आलं नव्हतं! तुळजापूरला मुक्काम करायचा विचार केला, पण ठाण्याहून निघून अंधारात पुढचे ४५ नको वाटतायत. पहिलाच दिवस, पाठ कशी राहते माहीत नाही.

सुसाट_सुधा

रेल्वे स्टेशनला रिटायरिंग रूम असते ना? स्वस्त आणि बाहेर पे अँड पार्क.

वेशीबाहेरचा

तिकीट लागतं सुधाताई. पीएनआरशिवाय खोली देत नाहीत. आणि सात रस्त्याचं सरकारी विश्रामगृह पण कोणीतरी सुचवेल म्हणून सांगतो, तिथं आधी साहेब, मग साहेबांचे साहेब. पे अँड पार्कला साधी गाडी ठीक, लगेज बांधलेली नको.

लॉजवाल्याचा_पोरगा

बरीच वर्षं नुसतं वाचतोय, आज लिहितो. आमचं लॉज आहे, सोलापुरात नाही, कुठं ते विचारू नका. काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो.

तुम्ही फोनवर विचारता, पार्किंग आहे का. आम्ही म्हणतो आहे सर. हे खोटं नाही. समोर रस्ता आहे, रस्त्यावर जागा आहे, तिथं गाडी उभी राहते, झालं पार्किंग. कॅमेरा आहे का विचारलं तरी आहे सर. कॅमेऱ्यात चोर दिसतो, थांबत नाही. दिसतो तोही टोपी घातलेला.

विचारायचं असं. 'रात्री अकरानंतर गाडी कुठल्या दाराच्या आत असते?' यावर समोरचा अडखळला की समजा दार नाही. चॅनल गेट, शटर, लोखंडी फाटक, यातलं काहीतरी एक नाव त्याच्या तोंडून लगेच यायला पाहिजे. मग विचारा, 'किती गाड्या मावतात आणि आज किती आहेत?' आणि तिसरं, जे कोणीच विचारत नाही, 'सकाळी पाचला किल्ली कोणाकडं असते?'

हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. तुम्हा लोकांना वाटतं गाडी कुलपात गेली की काम झालं. आमच्याकडं दर महिन्याला एक तरी रायडर पहाटे साडेचारला जॅकेट-बिकेट घालून खाली येतो आणि बघतो तर शटर बंद, किल्ली वडिलांच्या उशाखाली, वडील घरी, घर दोन किलोमीटर. मग आरडाओरडा. सुरक्षित पार्किंग म्हणजे गाडी चोरालाही निघत नाही आणि तुम्हालाही निघत नाही, हे आधी मान्य करून मग वेळ ठरवा. जिथं रात्रपाळीचा पोरगा चॅनल गेटला आडवी गादी टाकून झोपतो ते लॉज तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं. खोली कशीही असो.

आता बाहेरच पार्किंग असेल तर काय. खूप लॉजं गाडी रिसेप्शनसमोरच्या पॅसेजमध्ये घेतात, पण विचारावं लागतं आणि वेळ बघावी लागते. संध्याकाळी सातला विचारलं तर नाही म्हणतील कारण गिऱ्हाइकांची ये-जा असते. साडेदहानंतर विचारा, पॅसेज रिकामा असतो. मालकाला एकच भीती असते, टाइलवर ऑइल पडेल. त्यामुळं पुठ्ठ्याचा तुकडा जवळ ठेवा आणि विचारतानाच दाखवा, 'खाली पुठ्ठा टाकतो'. माझ्या वडिलांनी त्या एका पुठ्ठ्यासाठी किती बुलेटवाल्यांना आत घेतलंय. पायऱ्या मोजा मात्र. स्प्लेंडर ११२ किलोची, दोघं धरून तीन पायऱ्या चढवाल. क्लासिक १९५ किलो, लगेजसकट चढवायला गेलात तर सकाळी पाठीसकट डॉक्टरकडं. फळी आहे का विचारा, बहुतेक लॉजात पाण्याच्या टाकीसाठी, सामानासाठी एखादी असते.

पोराला पन्नास रुपये सकाळी नाही, रात्री द्या. आणि गाडी तोंड बाहेर करून लावा.

भाडं काउंटरवर ठरवताना टॅक्स धरून की सोडून ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा खोल्यांवर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, पण बोर्डावरचे रेट काही जणांनी अजून खाली आणलेले नाहीत.

होटगी_रोड

काय लिहिलंय राव, एक नंबर. तिसरा प्रश्न तर मी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवला.

पुढच्या रस्त्यासाठी माझ्याकडून. विजापूर ओलांडलं की कन्नडमध्ये विचारा, भाडं नाही तर निदान आवाज तरी खाली येतो. 'रूम ऐतेनु?' म्हणजे खोली आहे का. 'गाडी ओळगे इडबहुदा?' म्हणजे गाडी आत ठेवता येईल का. आम्ही सोलापूरकर घरात एक, बाजारात दुसरी आणि भांडताना तिसरी भाषा बोलतो, त्यामुळे तेलुगू पण घ्या, कधी हैदराबाद रोडला लागलात तर 'बंडी लोपल पेट्टोच्चा?'. तमिळचं मात्र रामेश्वरमवाल्यांनी बघावं.

काळा_कोट

उशिरा आलो, पण विम्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

जुन्या गाडीवर बहुतेकांचा थर्ड पार्टी विमा असतो. त्यात चोरीची भरपाई नाही, मित्राला पॉलिसी काढून बघायला सांगा. पूर्ण पॅकेज पॉलिसी असली तरी दुचाकीत ॲक्सेसरी एकटी चोरीला गेली तर पैसे मिळत नाहीत, गाडीबरोबर गेली तरच. म्हणजे तुमच्या बॅगा, मोबाइल होल्डर, जादाचे लाइट, हे सगळं तुमच्या स्वतःच्या भरवशावर. गाडी गेलीच तर एफआयआर लगेच, कंपनीला लगेच कळवा, आणि कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. प्रवासात दुसरी किल्ली सोबत न्या पण त्याच बॅगेत ठेवू नका, मित्राच्या खिशात ठेवा. पुढं तपास लागला नाही की पोलिसांचा 'अ समरी' अहवाल लागतो, त्याला वेळ जातो.

आता 'पार्किंग ॲट ओनर्स रिस्क' हा बोर्ड. सगळे त्याला घाबरतात. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात म्हटलंय की गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली असेल तर नुसता तसा बोर्ड दाखवून हॉटेलला हात झटकता येत नाहीत, निष्काळजीपणा झाला नाही हे त्यांना दाखवावं लागतं. ते प्रकरण १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या एका मारुती झेनचं, निकाल यायला किती वर्षं लागली ते मोजा. आणि ते व्हॅलेचं होतं, म्हणजे गाडी हॉटेलच्या माणसानं लावायला नेलेली. तुम्ही स्वतः गाडी लावली, किल्ली खिशात घातली आणि झोपायला गेलात तर गोष्ट तेवढी सोपी नाही. म्हणून एक करा, रजिस्टरमध्ये नावापुढं गाडीचा नंबर स्वतःच्या हातानं लिहा आणि त्या पानाचा फोटो घ्या. गाडी तिथं होतीच कशावरून, या प्रश्नावर निदान दाखवायला कागद राहतो.

चाकबंद

डिस्क लॉक लावा. सातशेला मिळतं. हाच एक कामाचा सल्ला आहे या अख्ख्या धाग्यात.

आजोबा_येझदी

लावा, पण त्याची ती रंगीत दोरी हँडलला अडकवा, नाहीतर सकाळी विसरून गाडी सोडाल आणि चोरापेक्षा जास्त नुकसान स्वतःच कराल. आणि नुसतं डिस्क लॉक असलं तरी दोघं जण मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकतात. दोन गाड्या आहेत ना तुमच्या, चाकं समोरासमोर आणून एकाच साखळीत दोन्ही बांधा, खांब सापडला तर त्याच्यासकट. तीनशे किलो कोण उचलतंय.

किकस्टार्ट

सगळ्यांचे आभार. तारीख १८ केली. आई म्हणाली देवीला चार दिवसांनी काही फरक पडत नाही, तू धड जा. आल्यावर लिहितो.

(फेब्रुवारी)

किकस्टार्ट

परत आलो. दोघं धड, गाड्या धड. सोलापूरचं सांगतो, कारण धागा त्याचा आहे.

मोहोळला चहाला थांबलो तेव्हाच फोन करायला बसलो. लॉजवाल्याच्या पोरानं सांगितलेले तीन प्रश्न कागदावर लिहून नेले होते. सहा फोन केले. दोघं म्हणाले 'कॅमेरा आहे ना सर', एक म्हणाला 'सोलापुरात चोरी होतच नाही', एकानं 'दार म्हणजे?' असं विचारलं, एकाचा फोन लागला नाही. सहावा माणूस म्हणाला, खाली शटर हाय, बारा-तेरा मोटरसायकली बसतात, आज पाच हायत, पहाटं किल्ली माझ्याकडंच, मी शटरला टेकूनच झोपतो. विजापूर रोडला, दोघांचे ९०० टॅक्ससकट. मित्र म्हणाला खोली तरी विचार, मी म्हटलं कशाला.

गाड्या आत, चाकाला चाक साखळी, नंबर रजिस्टरमध्ये, फोटो. पुठ्ठा टाकला तर तो रात्रपाळीचा काका म्हणाला असू द्या, इथं काय टाइल्स हायत व्हय. संध्याकाळी होम मैदानावर जाऊन पाळण्यात बसलो, मग ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि झणझणीत मटण, आणि दहा वाजता झोप. खिडकीत न बसता!

पहाटे साडेचारला खाली आलो. काका उठले, कुरकुर न करता शटर वर केलं. आणि समोर, शटरला चिकटून, मधे हात जाईल एवढीच फट सोडून, टॉवेलचे गठ्ठे भरलेला टेम्पो. हँडब्रेक, गिअर, दोन्ही काचा वर. ड्रायव्हर वरती कुठल्यातरी खोलीत. काकांना खोलीचा नंबर माहीत नाही, रजिस्टरमध्ये टेम्पोचा नंबर लिहिलेला नाही (काळा कोट, तुमची आठवण झाली). सगळे प्रश्न विचारले होते हो, शटरच्या बाहेर काय उभं राहील हा नव्हता विचारला.

दारं वाजवत फिरायला काका तयार नव्हते, पाहुणे शिव्या देतात म्हणाले. मग आम्ही तिघं टेम्पोच्या फळीवर बसून राहिलो. सव्वासहाला एक माणूस दात घासत खाली आला, तोच ड्रायव्हर. त्यालाच इतकं वाईट वाटलं की चहा त्यानं पाजला. कुठं जाणार विचारलं, हंपीजवळच्या होस्पेटवरून रामेश्वरम म्हटलं तर म्हणाला, मग होस्पेटला कुठं राहणार. आम्ही म्हटलं ॲपवर बघू. तर त्यानं सिगरेटच्या पाकिटावर एका ठिकाणाचं नाव आणि पत्ता लिहून दिला, आम्ही टेम्पोवाले तिथंच उतरतो म्हणाला, मोठं आवार हाय, माल भरलेला टेम्पो रात्रभर ठेवतो आम्ही, तुमची फटफटी काय घेऊन बसलात.

त्या होस्पेटच्या ठिकाणी दोघांचे ६०० घेतले. आवाराला दगडी भिंत, फाटकावर म्हातारा आणि त्याचा कुत्रा. 'गाडी ओळगे इडबहुदा' म्हटलं तर म्हातारा मला वर-खाली बघून मराठीत म्हणाला, ठेवा की. तिथून पुढं सगळा प्रवास आम्ही तसाच केला, दुपारी जेवताना ढाब्यावर जो टेम्पोवाला भेटेल त्याला विचारायचं, आज रात्री माल घेऊन कुठं झोपणार. बंगळुरूत फसलं, तिथं ॲपच वापरलं. सेलम, मदुराई चाललं.

तुळजापूरला ओटी पोचली, थोडी उशिरा.

लॉजवाल्याचा_पोरगा

शटरसमोर टेम्पो! आमच्याकडं दुधाचा असतो. चौथा प्रश्न घालतो माझ्या यादीत.

वेशीबाहेरचा

काकांना ओळखलं मी. पुढच्या वेळी जाताना त्यांना आपलं नाव सांगा, चहा तेच पाजतील.

चटणी घेतली का शेंगाची?

किकस्टार्ट

अर्धा किलो घेतली होती. मित्रानं मदुराईत माझ्या क्लासिकचं डिस्क लॉक न काढता गाडी सोडली, जागेवर आडवा झाला, त्याला काही लागलं नाही पण बॅगेतलं पाकीट फुटलं. आता स्लीपिंग बॅगला लसणीचा वास येतो.

आजोबा_येझदी

दोरी.

किकस्टार्ट

दोरी होती आजोबा. त्यानं तिच्यावर मोजे वाळत घातले होते.